नोंदणी वेगळी, सभासदत्व वेगळे

प्रश्न : मी इंदूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकते. आम्हाला स्टुडंट नर्सेस असोसिएशनचे, म्हणजे एसएनएचे, सभासद होण्यास सुचवले आहे. ही एखादी युनियन असावी आणि तिच्यापायी अभ्यास मागे पडेल, असे बाबांना वाटते. मैत्रिणींच्या मते मात्र सभासद झाल्याशिवाय पुढे नोंदणीच होत नाही. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : मैत्रिणींचा गैरसमज आधी दूर करते. परिचारिका म्हणून काम करण्यासाठी लागणारी नोंदणी तुमच्या राज्यात भोपाळची मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन काउन्सिल करते, आणि अभ्यासक्रम संपल्यावर ती तुम्हाला करावीच लागेल, मग तुम्ही कोणत्याही संघटनेत असा वा नसा. एसएनएचा त्या नोंदणीशी संबंध नाही.

आता बाबांची शंका. ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही परिचारिकांची व्यावसायिक संघटना 1908 पासून आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी तिने एसएनए 1929 मध्ये सुरू केली. पगार आणि बदल्या हे एसएनएचे विषय नव्हेत. व्यवसायाची प्रतिष्ठा जपणे, विद्यार्थ्यांमध्ये संघभावना आणि नेतृत्व वाढवणे हे तिचे हेतू आहेत. तिचे युनिट महाविद्यालयातच असते आणि एक अध्यापिका सल्लागार म्हणून त्यावर लक्ष ठेवते, एवढे सांगितले तरी बाबांची निम्मी काळजी मिटेल.

खरा लाभ कशात आहे, ते मात्र नीट पाहा. नुसते शुल्क भरून प्रमाणपत्र फाइलमध्ये लावणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि मुलाखतीत त्यांना त्याबद्दल दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत. तुम्ही सचिव किंवा खजिनदार होण्याची तयारी दाखवा. सभेचे इतिवृत्त लिहिताना काय टिपायचे आणि काय सोडायचे याची जी नजर तयार होते, तीच पुढे रात्रपाळीचा अहवाल लिहिताना उपयोगी पडते. आणि जमाखर्च सांभाळलेल्या मुलीला वॉर्डच्या साठ्याची वही पाहून घाम फुटत नाही. (तुमच्या भागात गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब ज्यांनी ठेवला असेल त्यांना विचारा, रुपयाचा मेळ बसेपर्यंत झोप लागत नाही.) घरी मराठी आणि वॉर्डात हिंदी बोलणाऱ्या मुली इंग्रजीतून केस प्रेझेंटेशन, म्हणजे एखाद्या रुग्णाची माहिती वर्गापुढे मांडणे, करताना अडखळतात, वक्तृत्व, लेखन आणि पोस्टर स्पर्धांतून ती भीड चेपते. राष्ट्रीय पातळीवरची परिषद दर दोन वर्षांनी भरते; तेथे जाण्याची संधी मिळाली तर इतर राज्यांतल्या विद्यार्थिनी कोणत्या वॉर्डात काय शिकतात, हे अवश्य विचारून या.

बाबांचे म्हणणे एका बाबतीत मात्र खरे आहे. स्नेहसंमेलनाच्या नाचाच्या तालमींत क्लिनिकल पोस्टिंगचे, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे, तास बुडाले तर ते पुन्हा भरून द्यावे लागतात, आणि लॉगबुकवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदवहीवर, सही मिळवण्यासाठी होणारी धावपळ वेगळीच. सचिवपद घ्या, तालमींना नम्रपणे नाही म्हणा.

उत्तीर्ण झाल्यावर एसएनएचे सभासदत्व मूळ संघटनेत वर्ग करून घेता येते, परंतु त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो. म्हणून शुल्काची पावती आणि सभासद क्रमांक आजपासूनच गुणपत्रिकांसोबत जपून ठेवा.