सुतक पाळू नकोस

प्रिय लेका,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आलेला, मी सकाळी सहाला बघितला. "अंकल परत तेच झालं, आता मी कॉयरमध्ये नाही उभा राहणार." बस एवढंच. मी लगेच फोन केला, तू उचलला नाहीस, मग रविवारी आला नाहीस, पुढच्या रविवारी पण नाही, आणि काल चौथा रविवार गेला. काल टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, दोनच पोरं उभी होती आणि त्यातल्या एकाला सर्दी. म्हणून हे लिहायला बसलोय, मोबाईलवर एवढं टाईप करायची मला सवय नाही, चुका सांभाळून घे.

खरं सांगू का, तुझ्या "परत तेच" ची मला एवढी काळजी नाही वाटली जेवढी या चार रविवारांची वाटतेय. पाप झालं ते झालं, त्याला पाप म्हणायचं, गुळगुळीत शब्द नाही वापरायचे. पण त्यानंतर तू जे करतोस ना ते मला ओळखीचं आहे कारण मी ते वर्षानुवर्षं केलंय. तू सुतक पाळतोस. आपण ख्रिस्ती लोक, आपल्या घरात हा शब्द कोणी वापरत नाही, माझी नगरकडची आजी तर ऐकूनच चिडायची, पण पाळतो मात्र बरोबर. पडलो की बायबलला हात नाही लावायचा, प्रार्थनेला गुडघे नाही टेकायचे, चर्चमध्ये मागच्या बाकावर किंवा नाहीच, आणि चार-पाच दिवस झाले की मनातल्या मनात आपणच ठरवायचं की आता पुरे झालं, आता थोडा स्वच्छ झालो, आता देवासमोर जायला हरकत नाही. हे दिवस कोणी ठरवून दिले रे? योहानाच्या पहिल्या पत्रात पहिल्या अध्यायाची ९ वी ओवी काढून बघ, कबूल केलं तर तो क्षमा करतो आणि शुद्ध करतो, शुद्ध करायचं काम त्याच्याकडे आहे, आपण आधी शुद्ध होऊन यायचं असं तिथे कुठे लिहिलंय?

आणि गंमत बघ, पुढचं पाप याच सुतकात शिजतं. तू एकटा, प्रार्थना बंद, मित्रांचे फोन उचलत नाहीस, आणि मनात एकच की आता भिजलोच आहे तर पावसाला काय घाबरायचं. म्हणून एकदा पडणारा माणूस त्या आठवड्यात तीनदा पडतो. तू स्वतःच मला ठाण्याच्या तलावपाळीला सांगितलं होतंस ना, की एकदा झालं की मग पुढचे दिवस सोडूनच देतो म्हणून.

आता माझं सांगतो. हे माझ्या बायकोला माहीत आहे, आमच्या त्या वेळच्या पाळकांना माहीत होतं, आता तुला. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा मी ठाण्यात कामाला आणि राहायला कोपरखैरणेला, त्याआधी बसने हाल व्हायचे त्यामुळे आम्ही सगळे खूश. पण माझ्या घराच्या वाटेवर लॉटरीचं सेंटर होतं, कॉम्प्युटरवाली लॉटरी, थोड्या थोड्या वेळाने ड्रॉ, दहा रुपयाचं तिकीट. आधी दहा, मग शंभर, मग पगाराच्या दिवशी किती ते मोजायचं पण बंद केलं. एकदा बायकोच्या भिशीचे पैसे गेले. आणि त्या काळात मी चर्चमध्ये दानाचे पैसे मोजायला बसायचो. एका रविवारी दुसरा मोजणारा बाहेर गेला तेवढ्यात पाचशेची एक नोट मी खिशात घातली. पुढच्या रविवारी परत ठेवली. कोणाला कळलं नाही, आणि तेच वाईट झालं, कळलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. ते दीड वर्ष मी दर थर्टी फर्स्टच्या वॉच नाईटला, दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शपथ घ्यायचो, डायरीत लिहून खाली सही करायचो, आणि पगार झाला की पाय आपोआप तिकडे.

शेवटी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या अंकलना सांगितलं, ते आता प्रभूकडे गेले. मला वाटलेलं आता वचनं ऐकवतील, रडतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी सगळं ऐकलं, दोन कटिंग मागवले आणि विचारलं, "तू उतरतोस कुठे?" म्हटलं कोपरखैरणे. "मग उद्यापासून घणसोलीला उतर, एक स्टेशन आधी, तिथून चालत घरी जा. आणि पगाराच्या दिवशी घरी पोचलास की मला फोन." मला हसूच आलं, म्हटलं एवढ्या मोठ्या पापाला हे औषध? पण मी गेलो चालत. पावसात बूट फाटले, बायको म्हणायची वेडा झालास का, पण गेलो. पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना (पहिलं पत्र, १० वा अध्याय, १३ वी ओवी) की देव परीक्षेबरोबर त्यातून निभावण्याचा उपायही करतो, आपण हे वचन फ्रेम करून भिंतीला लावतो आणि उपाय म्हणजे काहीतरी आकाशातून येईल म्हणून वाट बघत बसतो. माझ्या बाबतीत त्या उपायाचं नाव घणसोली स्टेशन होतं. दुसऱ्याच महिन्यात सुटलं असं नाही, नंतर पण दोनदा गेलो, एकदा तर घणसोलीहून मुद्दाम रिक्षा करून गेलो, म्हणजे बघ. पण त्या दोन्ही वेळा त्याच रात्री अंकलना फोन केला. सुतक नाही पाळलं.

तुझं स्टेशन कुठलं ते तू शोध. मला जेवढं दिसतं तेवढं सांगतो. ऐरोलीची तुझी शिफ्ट संपते, कॅब रात्री दोनला सोडते, रूम पार्टनर गावी गेलेला, जेवण धड नाही, झोप येत नाही आणि हातात फोन. तू म्हणतोस अचानक मोह होतो. अचानक काही नसतं रे. दावीद राजाची गोष्ट दुसऱ्या शमुवेलच्या ११ व्या अध्यायात आहे, आपण सगळे गच्चीवरून, जिथून त्याला दुसऱ्याची बायको बथशेबा दिसली तिथून, सुरुवात करतो पण लिहिणाऱ्याने सुरुवात तिथून नाही केली, आधी लिहिलंय की राजे लढाईला जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला, मग लिहिलंय की संध्याकाळी पलंगावरून उठला, आणि मग गच्ची. म्हणजे बथशेबा दिसायच्या कितीतरी आधी माणूस घसरायला लागला होता. तू पण रात्री तीनशी भांडतोस, तिथे तू हरणारच, थकलेला माणूस तीन वाजता कोणाशीच जिंकत नाही. अकराच्या ब्रेकमध्ये नीट जेव. चार्जर किचनमध्ये लाव आणि फोन तिथेच ठेव, अलार्मला दीडशे-दोनशेचं घड्याळ घे. पार्टनर गावी जाणार असेल तर मला आधी सांग, आमच्याकडे हॉलमध्ये गादी आहे. योसेफ पोटीफरच्या घरातून पळाला, तिथे उभा राहून प्रार्थना नाही केली, अंगरखा पोटीफरच्या बायकोच्या हातात सोडून पळाला. आपल्याला पळणं कमीपणाचं वाटतं.

हे सगळं करून पण तू पडशील कधीतरी, मी खोटं नाही बोलणार. त्या वेळेसाठी प्रभूच्या दोन शिष्यांकडे, पेत्र आणि यहूदाकडे बघ. एकाच रात्री दोघांनी प्रभूला धोका दिला, दोघांनाही पस्तावा झाला, यहूदाने तर पैसे परत केले, मी निष्पाप माणसाला धरून दिलं असं तोंडाने बोलला. पण बोलला कोणाजवळ, तर याजकांजवळ, त्यांनी हात झटकले आणि तो एकटा निघून गेला आणि जीव देऊन बसला. पेत्र खूप रडला पण पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया धावत आली तेव्हा तो दुसऱ्या शिष्यासोबतच होता. तोंड काळं झालं होतं तरी आपल्या माणसांतच बसून होता. आणि नंतर समुद्रावर, किनाऱ्यावर प्रभु आहे कळल्यावर बाकीचे नावेतून आले, अंतर फक्त दोनशे हात, पण हा अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी मारतो! किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला. योहानाने त्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो नव्या करारात फक्त दोनदा येतो, एकदा इथे आणि एकदा महायाजकाच्या अंगणात, जिथे हात शेकत पेत्राने मी प्रभूचा शिष्य नाही म्हणून नाकारलं होतं. तोच वास, तीनदा नाकारलं म्हणून तीनदा प्रश्न, पण त्याआधी प्रभु काय म्हणतो, या, न्याहारी करा. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो.

यहूदाचं नाव उगाच नाही काढलं. तू तलावपाळीला सहज बोलल्यासारखं बोलून गेलास की माझ्यासारख्याने असून तरी काय उपयोग. मी तेव्हा विषय बदलला, चुकलं माझं. तो विचार परत आला तर रात्री कितीही वाजले तरी मला उठव, आणि मी नाही उचलला तर १४४१६ लाव, सरकारची टेली-मानस लाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. काउन्सिलरकडे जायचं असेल तर मी सोबत येतो. त्यात विश्वास कमी आहे असं काही नाही, दात दुखला तर आपण डेंटिस्टकडे जातोच की.

आपल्या प्रोटेस्टंट लोकांचं एक चुकतं. कन्फेशन म्हणजे कॅथलिकांचं काम म्हणून आपण सोडून दिलं, आणि मग कोणाजवळच बोलायचं नाही, डायरेक्ट देवाजवळ म्हणे. ऐकायला भारी वाटतं पण त्याच्या आड किती लपवालपवी चालते ते मला माहीत आहे. याकोबाने सरळ लिहिलंय, एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. सगळ्या मंडळीसमोर नाही, यूथच्या ग्रुपवर तर अजिबात नको. एक माणूस पुरतो, फक्त तो चहा मागवणारा असावा.

आणि कॉयरचं. तू म्हणतोस या तोंडाने कसं गाऊ. अरे आपण ज्यांची भजनं गातो ते नारायण वामन टिळक, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेले, एवढा मोठा भक्त कवी, त्यांच्या तापटपणाबद्दल त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, किती मोकळं लिहून ठेवलंय, काही लपवलं नाही, आणि तरी दर रविवारी तीच भजनं गाताना आपल्या बायका डोळे पुसतात. याचा अर्थ काहीही करा आणि गा असा नाही, पौलाने रोमकरांस पत्रात ते तोडूनच टाकलंय, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, मुळीच नाही. तुला थोडे दिवस पुढे उभं न राहता खाली बसायचं असेल तर पाळकांशी बोलून तसं ठरव, पण खाली बस, घरी नको.

शनिवारी तुझी सुट्टी आहे ना. संध्याकाळी ये, काकूने बोंबील आणायचं ठरवलंय. ठाण्याहून साडेसहाच्या आसपासची गाडी पकड आणि कोपरखैरणेला नको, घणसोलीलाच उतर. मी स्टेशनबाहेर उभा असेन. तिथून चालत येऊ, अर्धा तास लागतो, तुला बोलायचं असेल तर बोल, नाहीतर नुसता चाल.

तुझा अंकल