प्रश्न तुमचे: कार्डाचं बिल सोयाबीनची वाट बघत नाही

मागच्या अंकात पैशाचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर बरेच जण क्रेडिट कार्डाबद्दलच लिहून मोकळे झालेत. त्यातले तीन घेतलेत. नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न: ताई, मी गंगाखेडजवळ एका खाजगी शाळेत शिक्षक आहे, घरची चार एकर आहे. जूनमध्ये हातात पैसा नव्हता म्हणून कृषी सेवा केंद्रातून बी, डीएपी, तणनाशक असं मिळून 42,000 चं कार्डावर घेतलं, म्हटलं दिवाळीला सोयाबीन निघालं की एकदाच फेडून टाकू. तोवर दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, 2,100 च्या आसपास भरायलोय, एकदाबी चुकवलं नाही, तरी बाकी काही केल्या कमी होईना. बँकेचा हिशोब चुकला असंल का?

उत्तर: दादा, हिशोब बरोबर आहे, आणि तुमची दानतही खोटी नाही, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. स्टेटमेंटवर तुमच्या कार्डाचा व्याजदर बघा, बऱ्याच कार्डांना तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या बोलीत शेकडा साडेतीन रुपये. गावात कुणी शेकडा साडेतीननं पैसे देतो म्हटलं तर आपण त्याच्या ओट्यावर बसत नाही, पण इथं कार्ड गुळगुळीत असतं, मॅसेज गोड असतो, म्हणून लक्षात येत नाही. आता 42,000 वर महिन्याचं व्याज 1,470, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे अजून 265, झाले 1,735. तुम्ही भरले 2,100. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त 365 रुपये. मिनिमम भरल्यानं तुम्ही थकबाकीदार ठरत नाही, लेट फी लागत नाही, एवढंच. कर्ज तिथंच बसून राहतं.

आणि दुसरी गोष्ट, जी काउंटरवर कुणी नीट सांगत नाही. ते 45-50 दिवस बिनव्याजी असतात ना, ते पूर्ण बिल भरणाऱ्यालाच. एकदा बाकी मागं ठेवली की नंतर कार्डावर टाकलेल्या तीनशेच्या पेट्रोललाही त्याच दिवसापासून व्याज सुरू. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बिल पूर्ण भरणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी.

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात आडत्याकडनं उचल घ्यायचे. माल आला की आडत्या पट्टीतून कापून घ्यायचा, पाऊस लांबला तर तोही थांबायचा, कारण त्याला आमचा मालही पाहिजे असायचा. तुम्ही कार्डाकडं त्याच नजरेनं बघितलं, दादा. पण कार्डाला मृग कळत नाही, त्याचं बिल दर महिन्याला येणार आणि शेतीचा पैसा वर्षातून एकदा नाहीतर दोनदा येणार, हे गणित जुळतच नाही.

आता करायचं काय, तर पहिलं म्हणजे ते कार्ड कपाटात ठेवा, बाकी शून्य होईपर्यंत पेट्रोलसुद्धा नको. बँकेला फोन करून बाकीचा ईएमआय करून मागा, व्याज निम्म्याहून खाली येऊ शकतं, फक्त प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडायचा चार्ज आधी विचारून घ्या. घरात सोनं असेल तर सोनं तारण कर्ज काढून कार्ड एकदम मोकळं करणं मला जास्त पटतं, सरकारी बँकेत ते साधारण महिन्याला शेकडा रुपयाच्या आतबाहेर पडतं. बायकोचं सोनं म्हणून जीवावर येईल, मला कळतं, पण तिच्याशी बोला, हा आकडा तिला दाखवा. आणि पुढच्या जूनसाठी आत्ताच पीक कर्जाच्या मागं लागा. त्याचा दर वर्षाला 7 टक्के, आणि वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. खतासाठी ते कर्ज आहे, कार्ड नाही.

अजून एक, तुमचा पगार उशिरा होतो असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं बिलिंग सायकल, म्हणजे बिल निघायची तारीख, निदान एकदा बदलून मागता येते. बिल भरायची शेवटची तारीख पगारानंतर येईल अशी करून घ्या.

प्रश्न: मी अंबाजोगाईला खाजगी दवाखान्यात नर्स आहे. धाकट्या दिरांनी माझ्या कार्डावर ईएमआयनं मोबाईल घेतला, चार हप्ते दिले आणि मग बंद. घरात बोललं की सासूबाई म्हणतात, घरातलंच आहे, कशाला ताणतीस. आता वसुलीवाले रात्री साडेनऊलाही फोन करतात, आणि म्हणतात अर्ध्यात सेटलमेंट करा. करू का?

उत्तर: ताई, शक्यतो करू नका. अर्ध्यात मिटलं की तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्ज कसं फेडलं याच्या नोंदीवर, "सेटल्ड" असा शिक्का बसतो, आणि उद्या तुम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलात की मॅनेजर पहिलं तेच बघतो, दिरांचं नाव त्याला कुठंच दिसत नाही. मोबाईल कुणाच्या खिशात आहे याच्याशी बँकेला घेणं नाही, कार्ड तुमचं म्हणजे कर्ज तुमचं. हप्ते पाडून का होईना पूर्ण भरा आणि नो ड्यूजचं पत्र घ्या. पूर्ण भरल्यावर 30 दिवसांत बँकेनं रिपोर्ट सुधारायचा असतो, त्यावर लक्ष ठेवा. फोनचं म्हणाल तर सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, कॉलचा स्क्रीनशॉट काढून बँकेला लेखी कळवा. आणि सासूबाईंपुढं दिरांना स्पष्ट सांगा, "हे पैसे माझ्या पगारातून चाललेत", आणि हिशोब वहीत लिहून ठेवा. नात्यात हिशोब मागणं वाईट नसतं ताई, गप्प बसून आतल्या आत कुढण्यानंच नातं जास्त तुटतं.

प्रश्न: मी कळमनुरीचा, वाळूज एमआयडीसीत कामाला. गाडीसाठी लोन मागितलं तर नाही म्हणले, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, 612 आलाय. रिपोर्टमध्ये एका फायनान्स कंपनीचं 18,500 चं मोबाईल लोन थकीत दिसतंय, जे मी घेतलंच नाही. दोन वर्षांपूर्वी सिमसाठी एका दुकानात आधार-पॅनचे झेरॉक्स दिले होते एवढंच आठवतं. मित्र म्हणतो भरून टाक, विषय संपव.

उत्तर: भरू नका. भरलं म्हणजे लोन तुमचंच होतं असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होईल. आधी सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. कारण हे लोन एकीकडंच असेल असं नाही, आणि तुमच्या नावावर अजून काही निघतंय का तेही कळेल.

मग ज्या ज्या रिपोर्टवर ते लोन दिसतं तिथं ऑनलाईन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका. त्याच दिवशी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा आणि मागा: लोनचा करार, केवायसीचे कागद, लोन देताना काढलेला ग्राहकाचा फोटो, मोबाईलचं बिल. फोटोतला माणूस तुम्ही नाही हे दिसलं की अर्धं काम तिथंच होतं. पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोर्टलवर तक्रार द्या, पोच घ्या, ती मेलला जोडा. दुरुस्तीला 30 दिवसांची मुदत आहे, त्याच्या पुढं गेलं तर दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला पाहिजे. कंपनीनं महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करता येते, त्याला एक पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणि इथून पुढं झेरॉक्स देताना त्यावर आडव्या दोन रेघा मारून मधे पेननं लिहा, "फक्त सिम कार्डसाठी", खाली तारीख आणि सही, आणि ते अक्षर छापलेल्या मजकुरावर चढलं पाहिजे, कोऱ्या कोपऱ्यात लिहिलं तर तेवढा कोपरा झाकून परत झेरॉक्स निघते.