लाकडाचं केळं खरं का वाटत नाही?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. सागाच्या तुकड्यातून केळं कोरलं, पिवळा रंग दिला, वर चकचकीत वॉर्निश. तरी घरचे म्हणतात, लाकडाचंच दिसतं. महिन्याभरात देठाकडून उभी चीरही गेली. काय चुकलं? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी चिरेचं बघू. तुमचा तुकडा ओला होता. लाकडातला ओलावा टोकांकडून भराभर जातो, मधून सावकाश. टोक आकसतं, मधला भाग तसाच राहतो, मग टोक फाटतं. पुढच्या वेळी दोन्ही कापलेल्या टोकांना मेणबत्तीचं मेण वितळवून लावा आणि तुकडा सावलीत ठेवा. दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की पटाशी हातात घ्या. ओंडक्याच्या मधला गाभा ज्यात आला असेल, तो तुकडा मात्र घेऊच नका.

लाकूडही बदला. साग तेलकट, त्याची छिद्रं रंगातून डोकावतात. आम्ही सावंतवाडीत फळांना पांगारा वापरतो. हलका, मऊ, पटाशी लोण्यासारखी चालते. लाकडाच्या रेषा देठाच्या लांबीने धरा, आडव्या गेल्या तर देठ हातात येईल.

आता मुख्य दुखणं. तुम्ही केळं गोल केलंय. बाजारातून एक आणा, डोळे मिटून बोटांत फिरवा. चार-पाच कडा लागतील, पिकलेल्याला बोथट, कच्च्याला धारदार. दोन कडांमधली बाजू जवळजवळ सपाट असते. वाकही सगळीकडे सारखा नसतो. शेंड्याला वाळक्या फुलाचा काळा ठिपका, देठाला फणीतून तोडल्याची खरबरीत जागा. या दोन जागांना मी अख्ख्या केळ्याइतका वेळ देतो.

चितारआळीत वडिलांकडे शिकत होतो तेव्हा माझं पहिलं केळं त्यांनी रंगवू दिलं नाही. कोरं, पांढरंच, कंदिलासमोर धरलं आणि म्हणाले, "सावली बघ." कडेवर उजेड थांबत नव्हता, नुसता घसरून जात होता. तीन दिवस पुन्हा कानस मारली. अजूनही माझं हेच म्हणणं आहे, ताई : रंगाआधी जे केळं दिसत नाही, ते रंगाने दिसणार नाही.

आकार जमला की चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून अस्तर द्या, वाळलं की बारीक पॉलिश पेपरने घोटा. पिवळा सगळीकडे एकसारखा फासू नका. देठाशी आणि शेंड्याशी हिरवट झाक राहू द्या, कडांवर तपकिरी ठिपके कमी-जास्त टाका, ओळीत नकोत. चकचकीत वॉर्निश तर अजिबात नको. केळ्याची साल काचेसारखी चमकत नाही.

जुन्या केळ्याची चीर सागाचा भुसा आणि गोंद भरून बुजेल, पण लाकूड पुरतं वाळू द्या. नव्याचा फोटो मात्र अस्तर देण्याआधीच पाठवा, खिडकीच्या उजेडात, एका बाजूने.