फेरविचाराची तारीख

प्रश्न : मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश मिळाला तेव्हा ज्यांनी पाठ थोपटली, तेच आता विचारतात, ‘एआय आल्यावर तुमचं कसं होणार?’ गेल्या आठ महिन्यांत मी डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, यूएक्स डिझाइन आणि क्लाउड असे चार ऑनलाइन कोर्स सुरू केले, पण एकही पूर्ण झाला नाही. बाबा म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, शाखा बदल. रात्री फोनवर नोकरकपातीच्या बातम्या वाचत बसते आणि सकाळी भलतंच काहीतरी शिकावंसं वाटतं. कोणतं क्षेत्र सुरक्षित आहे ते एकदा सांगा, म्हणजे मी त्याच्या मागे मन लावून लागेन. – एक विद्यार्थिनी

उत्तर :

ते मला सांगता येणार नाही. हे ऐकून तू पत्रावर वाया गेलेली संध्याकाळ मोजायला लागशील, तरी आधीच सांगून टाकलेलं बरं. आणि दुसरं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, तर त्याच्याकडे विकायला एखादा कोर्स आहे का, तेवढं बघ.

2016 साली एआय संशोधक जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचून निदान करणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवा, असं जाहीरपणे सांगितलं होतं. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, ते काम मशीन माणसापेक्षा चांगलं करेल असा त्यांचा अंदाज होता. हा कुणी ऐरागैरा नव्हे. ज्या तंत्राच्या धास्तीने तुझी झोप उडाली आहे, ते उभं करणाऱ्यांपैकी हा एक. 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण रेडिओलॉजिस्ट आजही कामावर आहेत आणि ब्रिटन-अमेरिकेत त्यांचा तुटवडाच आहे. आपण फार सरसकट बोललो, हे हिंटन यांनीही पुढे मान्य केलं. मशीन खरंच हुशार झालं. पण एक्स-रे वाचणं हा त्या माणसाच्या दिवसातला एक भाग असतो. कोणती तपासणी करायची ते ठरवणं, दुसऱ्या डॉक्टरशी बोलणं, शंका आली तर जुने रिपोर्ट काढून बघणं आणि शेवटी खाली सही करून जबाबदारी घेणं, हेही त्याचंच काम. त्या मधल्या काळात कितीजणांनी हा अंदाज ऐकून ती वाट सोडली असेल, कोण जाणे. सांगायचं इतकंच, की ज्याने इंजिन बांधलं त्यालाही गाडी कुठल्या स्टेशनावर थांबेल ते सांगता आलं नाही. तुझ्या ओळखीतल्या काकांना कुठून येणार?

आता तुझ्या पत्राकडे येते. आठ महिने, चार कोर्स. तुला निर्णय घेता येत नाही, असं तू लिहिलेलं नाहीस, आणि ते खरंही नाही. चार वेळा घेतलास की! फक्त प्रत्येक निर्णयाचं आयुष्य पुढच्या बातमीपर्यंतचं. जग वेगाने बदलतंय हे खरंच आहे, पण तुला दमवलंय ते रोज रात्री तीच फाइल पुन्हा उघडण्याने. दिवसभर शिकायचं आणि रात्री ‘हे शिकावं का’ याची सुनावणी घ्यायची, यात कुणीही थकेल. आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ झालेली बरीच मुलं आळशी नसतात. उलट जरा जास्तच जागरूक असतात.

म्हणून क्षेत्र नंतर ठरव. आधी फेरविचाराची तारीख ठरव.

चारपैकी एक विषय घे. कोणता, याचं माझं साधं उत्तर आहे : ज्यात तू अडकलीस आणि अडकूनही उठली नाहीस, तो. सुरुवातीचे व्हिडिओ सगळेच सोपे असतात, त्यातून आवड कळत नाही. प्रोग्राम चालेना म्हणून दोन तास कुठे गेले ते कळलं नाही, असं चारपैकी एकात तरी घडलं असेल. तसं कशातच घडलं नसेल, तर जो सर्वांत जास्त पुढे गेला आहे तो घे. उगाच नाणं उडवत बसू नकोस. मग या सेमिस्टरची परीक्षा संपल्यानंतरचा पहिला रविवार वहीत लिहून ठेव. त्या दिवशी या निर्णयाचा पूर्ण, प्रामाणिक फेरविचार करायचा. त्याआधी नाही.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट आजच लिही, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे : काय दिसलं तर मी मत बदलेन? एक छोटा प्रोजेक्ट पूर्ण केल्यावरही तो काय करतो हे मला समोरच्याला समजावता आलं नाही, तर. प्रत्यक्ष ते काम करणाऱ्या दोन-तीन माणसांशी बोलल्यावर त्यांचा रोजचा दिवस मला नकोसा वाटला, तर. परीक्षेचं ओझं नसतानाही लॅपटॉप उघडायची इच्छाच होत नाही असं सलग महिनाभर झालं, तर. तुझी कारणं वेगळी असू शकतील, पण ती तुझ्या कामातून आलेली हवीत. बातमीचा मथळा, मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट, लग्नात भेटलेल्या कुणाचा तरी सल्ला या कारणांना त्या पानावर जागा नाही. त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी एक पान ठेव आणि वर ‘रविवारी बघू’ असं लिही. मी स्वतः असं पान ठेवते. तारखेला उघडून बघावं तर निम्म्या नोंदी शिळ्या झालेल्या असतात, आणि काही तर मी का लिहिल्या होत्या तेही आठवत नाही.

हा हट्टीपणा नाही का, असं तू विचारशील. तारीख खोटी असेल तर आहे. त्या रविवारी पान उघडून कारणं खरी ठरलेली दिसली, तर विषय सोडायचा, आणि ‘एवढे महिने घातले’ म्हणून रडायचं नाही.

डोरोथी व्हॉन यांच्याविषयी थोडं सांगते. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द एकेकाळी माणसाचा हुद्दा होता, कागदावर आकडेमोड करणाऱ्या माणसाचा. अमेरिकेत लँगली इथल्या विमानविद्येच्या प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय स्त्रियांचा असा एक वेगळा विभाग होता आणि 1949 पासून व्हॉन त्याच्या प्रमुख होत्या. 1958 मध्ये नासा स्थापन झाली, तो विभाग बंद झाला, आणि आकडेमोड यंत्रांकडे जात चालली होती. व्हॉन तेव्हा 48 वर्षांच्या होत्या. त्या फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा शिकल्या आणि त्यात तज्ज्ञ झाल्या. गोष्ट सहसा इथेच संपवतात. पण पुढचा भागही तुला माहीत असावा : प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळालं नाही, मागूनही. 1971 मध्ये त्या निवृत्त झाल्या. नवीन शिकण्याने त्यांच्या हातात काम राहिलं, मान-हुद्द्याची हमी मिळाली नाही. मी तुला सुचवतेय त्यातही हमी नाहीच.

बाबांचं म्हणशील, तर त्यांच्याशी 2035 साली काय होईल यावर वाद घालू नकोस. त्यांनाही माहीत नाही, तुलाही नाही. त्यांना वहीतलं पान दाखव. मुलगी वाऱ्यावर नाही, तिने कधी आणि कशावरून ठरवायचं ते ठरवलंय, हे दिसलं की बहुतेक पालकांचा आवाज खाली येतो. आणि एक प्रश्न तूच त्यांना विचार : पदवीनंतर मला पगार नसला तर घर किती महिने सहज चालेल? तीन महिने आणि दीड वर्ष, या दोन उत्तरांत मुलीने घ्यायची जोखीम पूर्ण वेगळी असते. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचा हप्ता कधी सुरू होतो तेही विचार. ‘पुढे काय होणार’ या एका भीतीत पैशाची भीती आणि न आवडण्याची भीती दोन्ही मिसळलेल्या असतात. पैशाची तरी आकड्यात मांडता येते.

रात्रीच्या बातम्यांबद्दल फार बोलत नाही, तुला ते कळतंच. ‘कमी वाचेन’ असं ठरवू नकोस, ते टिकत नाही. ‘जेवण झालं की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला’ असं ठरव. अमुक झालं की तमुक करायचं, असा वेळेला बांधलेला निश्चय जास्त पाळला जातो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. बातम्या दुपारी वाच, त्या तेवढ्याच वाईट असतात, पण झोप मोडत नाहीत. आणि तरीही आठवड्यामागून आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर तो करिअरचा प्रश्न राहिलेला नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा.

चारपैकी कोणता विषय घेतलास आणि कोणती तारीख लिहिलीस, एवढं मला दोन ओळींत कळव. कारणं नकोत.