वाचक विचारतात : बंद पडलेले विश्वविक्रम

प्रश्न : जागरणाचा जुना विक्रम मोडला, तर गिनेसमध्ये नाव लागेल का?

उत्तर : नाही. १९९७ पासून गिनेस हा विक्रम तपासतच नाही. तोवरचा सर्वांत मोठा आकडा रॉबर्ट मॅकडोनाल्ड यांचा, १९८६ सालचा : ४५३ तास ४० मिनिटे, म्हणजे जवळपास १९ दिवस. (सगळ्यांना आठवतो तो मात्र रँडी गार्डनर. १९६३-६४ मध्ये सतरा वर्षांचा हा मुलगा ११ दिवस जागला.) तब्येतीचा धोका हे कारण उघडच आहे, पण मोजमापाचीही पंचाईत आहे. दोन-तीन रात्रींनंतर मेंदू काही सेकंदांच्या डुलक्या काढू लागतो, कधी कधी तर उघड्या डोळ्यांनी. जागणाऱ्यालाच त्याचा पत्ता नसतो, मग घड्याळ घेऊन बसलेल्या साक्षीदाराला काय कळणार? डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा, आलेख अखंड घेतला, तरच त्या डुलक्या सापडतात.

प्रश्न : हेलियमचे फुगे उंच जाऊन फुटतात. मग लाखो फुगे सोडायला हरकत का?

उत्तर : फुटतात, पण हवामानाने साथ दिली तर. २७ सप्टेंबर १९८६ ला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १४ लाखांहून जास्त फुगे भल्यामोठ्या जाळीखाली भरून ठेवले होते. वादळ येताना दिसलं म्हणून ते घाईने सोडले. पावसाने आणि थंड हवेच्या झोताने ते फुगलेलेच खाली आणले. विमानतळाची धावपट्टी बंद ठेवावी लागली, ईरी सरोवर फुग्यांनी भरलं. त्याच पाण्यात दोन बेपत्ता मच्छीमारांचा शोध चालू होता. हेलिकॉप्टरमधून पाहणाऱ्यांना तरंगतं डोकं कोणतं आणि फुगा कोणता, हे ओळखणं अवघड झालं. दोघेही नंतर मृत सापडले. समजा, फुगे ठरल्याप्रमाणे वर जाऊन फुटले, तरी रबराच्या चिंध्या कुठेतरी पडतातच. कासवं आणि पाणपक्षी त्या गिळतात. ‘विघटनशील’ म्हणून विकलेलं रबरही काही दिवसांत कुजत नाही. गिनेस आता असे विक्रम घेत नाही.

प्रश्न : आमचं मांजर फार जाड आहे. त्याचं वजन कुठे नोंदवता येईल?

उत्तर : पशुवैद्यांच्या कार्डावर. ऑस्ट्रेलियातल्या हिमी या २१.३ किलोच्या बोक्याचा विक्रम जुना आहे. लोक मुद्दाम खाऊ घालून जनावरं फुगवतील म्हणून पाळीव प्राण्यांच्या वजनाचे विक्रम गिनेसने थांबवले. लांबीचा चालतो. मांजर खाऊन लांब होत नाही!