पानातलं मँगनीज, गाठीतलं लोखंड आणि हायड्रोजन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी मी धातू असलेल्या एन्झाइमांवर लिहिलं होतं, म्हणजे सजीवांच्या शरीरातली अशी प्रोटीन ज्यांच्या पोटात लोखंड, निकेल, तांबं, मँगनीज असे धातू बसलेले असतात आणि खरं काम तेच करतात. मी स्वतः याच विषयातला केमिस्ट, या एन्झाइमांकडून शिकून हायड्रोजनसाठी स्वस्त कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे पदार्थ, बनवता येतात का हे बघतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून बरेच प्रश्न आले, त्यातले काही घेतो.

चोपड्याचे एक शेतकरी विचारतात: हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी हवेतून खत बनवतात म्हणे, मग कारखान्याला एवढा गॅस कशाला लागतो? आणि तेच एन्झाइम केळीला देता येईल का?

दादा, हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला त्याचा तसाच काही उपयोग नाही. कारखान्यात हा बंध तोडायला लोखंडाचा कॅटॅलिस्ट, 400 ते 500 अंश तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो, 1913 पासून जर्मनीत सुरू झालेली हीच पद्धत आजही जगभर चालते, आणि तिला लागणारा हायड्रोजन आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, म्हणून युरियाचा हिशोब शेवटी गॅसच्या भावावर जाऊन पोचतो. गाठीतले रायझोबियम जंतू हेच काम जमिनीच्या साध्या तापमानात करतात. त्यांच्या नायट्रोजनेज नावाच्या एन्झाइमच्या मध्यभागी 7 लोखंडाचे अणू, 1 मॉलिब्डेनम, 9 गंधक आणि बरोबर मधोमध 1 कार्बन असा गुच्छ असतो. त्याची रचना 1992 मध्ये कळली पण मधला अणू कार्बनच आहे हे पक्कं व्हायला 2011 उजाडलं, एका अणूसाठी जवळपास वीस वर्षं, यावरून हे काम किती अवघड आहे ते कळेल.

आता हे फुकट होतं असं मात्र समजू नका. नायट्रोजनच्या एका रेणूमागे जंतू एटीपीचे कमीत कमी 16 रेणू खर्च करतो, एटीपी म्हणजे पेशीतलं इंधन, आणि ते सगळं हरभऱ्याने पानात बनवलेल्या साखरेतून येतं. शिवाय हे एन्झाइम ऑक्सिजन लागला की खराब होतं, म्हणून झाड गाठीत लोखंड असलेलं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखं एक प्रोटीन बनवतं जे ऑक्सिजन धरून ठेवतं. फुलावर आलेलं हरभऱ्याचं रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी-लाल दिसली तर गाठ चालू आहे, हिरवट किंवा करडी दिसली तर तिचं काम संपलंय.

केळीचं म्हणाल तर नाही, आज तरी नाही. नुसतं एन्झाइम ओतून काही होत नाही, त्याच्यामागे डझनभर जीन, ऑक्सिजनपासून आडोसा आणि साखरेचा पुरवठा असं सगळं लागतं, धान्याच्या पिकांसाठी त्यावर संशोधन चालू आहे पण शेतात पोचलेलं नाही. म्हणून केळीला युरिया लागणारच, फक्त तो उघड्यावर फेकू नका. मातीत युरिएज नावाचं एन्झाइम असतं, त्यात निकेलचे दोन अणू असतात, ते युरिया फोडून अमोनिया करतं, आणि आपली जमीन चुनखडीची, वरून ऊन असं, की तो अमोनिया हवेत उडून जातो, तुमचे पैसे उडतात. ड्रिपमधून द्या किंवा टाकल्याबरोबर मातीआड करून पाणी द्या.

भुसावळहून एका भावाने लिहिलंय: "भाऊ, पानीवर गाडी चालस का? आमच्याकडे एक जण बाइकला पाण्याचं किट बसवून देतो, पेट्रोल निम्मं लागतं म्हणतो. खरं शे का?"

नाही भाऊ, आणि हे मी अगदी जोर देऊन सांगतो कारण यात लोकांचे कष्टाचे पैसे जाताहेत. पाणी हे इंधन नाहीच, हायड्रोजन जळून झाला की जे उरतं ते पाणी. त्याच्यातून हायड्रोजन परत काढायचा तर जळताना मिळाली त्यापेक्षा जास्त ऊर्जा घालावी लागते. आकड्यात सांगतो: 1 किलो हायड्रोजनमधून साधारण 33 युनिट ऊर्जा मिळते आणि तो पाण्यातून काढायला आजच्या चांगल्या मशीनलाही 50 युनिटच्या वर वीज लागते. बाइकवर ही वीज कुठून येते? बॅटरीतून, बॅटरी चार्ज होते इंजिनवर, इंजिन चालतं पेट्रोलवर. म्हणजे पेट्रोल जाळून वीज, विजेतून हायड्रोजन, हायड्रोजन परत इंजिनात, आणि प्रत्येक पायरीला घट. किट कितीही भारी असो, त्यात कुठलाही कॅटॅलिस्ट असो, हा हिशोब बदलत नाही. कॅटॅलिस्ट वाटेतला जास्तीचा खर्च कमी करतो, मूळ किंमत कमी करत नाही, पाणी फोडायला कमीत कमी 1.23 व्होल्ट लागतात आणि ते निसर्गालाही माफ नाहीत.

दुसरं, त्या किटमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळलेलेच बाहेर येतात, ते मिश्रण एका ठिणगीवर फुटतं. आपल्या उन्हाळ्यात सीटखाली असली नळी नकोच. खऱ्या हायड्रोजनच्या गाड्या असतात, पण त्यांच्या टाकीत बाहेरून भरलेला हायड्रोजन असतो, पाणी नाही.

धुळ्याच्या एका शिक्षिका: एन्झाइम एवढे हुशार आहेत तर हायड्रोजन बनवायला कॅटॅलिस्ट म्हणून महागड्या प्लॅटिनमऐवजी तेच का वापरत नाहीत?

ताई, माझं सगळं काम ह्याच प्रश्नाभोवती आहे म्हणून जरा लांबतो.

हायड्रोजनेज नावाचे एन्झाइम असतात, काहींत दोन लोखंड, काहींत निकेल आणि लोखंड. दोन लोखंडवालं चांगलं एन्झाइम एका सेकंदाला हजारो हायड्रोजन रेणू बनवतं, तेही जास्तीचा व्होल्टेज जवळपास न घेता. कामात ते प्लॅटिनमच्या तोडीचं आहे आणि धातू कुठला तर लोखंड. पण बहुतेक हायड्रोजनेज ऑक्सिजनने खराब होतात, शिवाय दोन अणूंच्या कामासाठी अवाढव्य प्रोटीन सोबत येतं, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या तेवढ्याच जागेत प्लॅटिनमपेक्षा फार कमी काम करणारे अणू बसतात. आणि जिवंत पेशी खराब झालेलं प्रोटीन बदलत राहते, कारखान्यातल्या मशीनला ते जमत नाही.

मग आम्ही म्हणतो, प्रोटीन सोडा, नुसता लोखंडाचा भाग बनवू. बनवला, आणि तो जेमतेम चालला. याचं कारण 2013 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या केमिस्टांनी फार सुंदर दाखवलं. त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेला दोन लोखंडाचा तुकडा रिकाम्या प्रोटीनमध्ये घातला आणि एन्झाइम पूर्ण जिवंत झालं. तोच तुकडा बाहेर असताना काही कामाचा नव्हता. आणि त्या तुकड्यात एक नायट्रोजनचा अणू आहे, त्याच्या जागी कार्बन किंवा ऑक्सिजन ठेवला की काम जवळपास बंद. कारण तो नायट्रोजन प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा अणू, धरून बरोबर लोखंडाजवळ आणून देतो. जळगावच्या सराफाला विचारा, खडा तोच असतो, कोंदण बदललं की दागिना बदलतो, इथेही लोखंड तेच, बसवलंय कसं आणि शेजारी कोण आहे यावर सगळं ठरतं.

अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीच्या लोकांनी हीच कल्पना उचलली, निकेलच्या भोवती तसेच प्रोटॉन देणारे नायट्रोजन बसवले, आणि 2011 मध्ये सेकंदाला 1 लाखाच्या वर हायड्रोजन रेणू असा वेग मिळाला, एन्झाइमपेक्षाही जास्त. पण त्याला जास्तीचा व्होल्टेज बराच लागतो, म्हणजे वेग आला, काटकसर आली नाही. दोन्ही एकत्र आणणं, आणि तेही पाण्यात वर्षानुवर्षं टिकेल असं, हे अजून व्हायचंय. मला विचाराल तर पुढची वाट धातू बदलण्यात कमी आणि धातूचा शेजार घडवण्यात जास्त आहे.

साक्रीचा कॉलेजचा विद्यार्थी: आमच्याकडे मोठा सोलर प्लांट आहे. दुपारच्या विजेतून हायड्रोजन का नाही बनवत? आणि झाडाचं पान तर थेट उन्हातच पाणी फोडतं ना?

बनवता येतो, आणि 2023 च्या जानेवारीत मंजूर झालेल्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचं ध्येयच 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन असं आहे. अडचण खर्चाची. पाणी फोडताना हायड्रोजनची बाजू सोपी, ऑक्सिजनची बाजू अवघड, आणि ढगाबरोबर वरखाली होणारी सोलर वीज चांगली पेलणाऱ्या एका प्रकारच्या मशीनला त्या बाजूला कॅटॅलिस्ट म्हणून इरिडियम नावाचा दुर्मिळ धातू लागतो. इरिडियम अख्ख्या जगात वर्षाला 7-8 टनच निघतं. निकेलवर चालणारी जुनी पद्धतही आहे, ती स्वस्त आहे, फक्त वीज सारखी कमीजास्त झालेली तिला तेवढी मानवत नाही. 1 किलोला शुद्ध पाणी 9 लिटर लागतं, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून त्याहून बरंच जास्त, हे आपल्या भागात आधीच विचारात घ्यायला हवं.

पान काय करतं तर 4 मँगनीज, 1 कॅल्शियम आणि 5 ऑक्सिजनचा गुच्छ वापरतं, जपानच्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये तो स्पष्ट दाखवला. हा गुच्छ प्रकाशाचा एकेक कण घेत चार पायऱ्या चढतो आणि चौथीला ऑक्सिजन सोडतो. मँगनीज नागपूर-भंडाऱ्याच्या खाणीत निघतं, म्हणजे धातूची टंचाई नाही. पण कडक उन्हात या गुच्छाला धरणारं प्रोटीन अर्ध्या-एक तासात खराब होतं आणि पान ते बदलत राहतं. आपल्याला वर्षभर टिकणारा गुच्छ हवाय.

रावेरहून: कापलेलं केळं काळं पडतं, वांगं पण पडतं, त्याचा धातूशी संबंध आहे का?

आहे. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हे करतं, त्यात तांब्याचे दोन अणू असतात. कापल्यावर हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते सुरू होतं. लिंबाने किंवा मिठाच्या पाण्याने ते मंदावतं, भाजीची वांगी चिरून पाण्यात टाकतो ते म्हणूनच. आणि केळं पिकवणारा इथिलीन वायू केळ्यात ज्या एन्झाइमने तयार होतो त्यात लोखंड असतं, तो वायू ओळखणाऱ्या प्रोटीनमध्ये परत तांबं.

शिरपूरची बीएस्सीची विद्यार्थिनी: मला यात काम करायचंय, पण आमच्या कॉलेजात मोठी यंत्रं नाहीत.

नसू देत. इनऑर्गॅनिकमधलं कोऑर्डिनेशन केमिस्ट्री आणि फिजिकलमधलं इलेक्ट्रोकेमिस्ट्री हे दोन भाग पाठ न करता समजून घे, गणिताला घाबरू नको, सोबत बायोकेमिस्ट्रीचं एखादं बेसिक पुस्तक. एमएस्सीसाठी आयआयटीची जाम (JAM) ही प्रवेश परीक्षा दे, आपल्या विद्यापीठातही एमएस्सी होते, नंतर नेट किंवा गेट. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) आहेत, उन्हाळ्यात तिथे प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना स्वतः ईमेल कर, दोन ओळीत तू काय वाचलंस आणि त्यातलं काय कळलं नाही ते लिही, नुसता बायोडेटा पाठवू नको. उत्तर नाही आलं तर दुसऱ्याला लिही.