कंटेनर वीस फुटी की चाळीस, हे नंतर. आधी सातबारा वाचा

पत्र: मी 39 वर्षांचा, डोंबिवलीत भाड्याने राहतो. भाडं 11,000. माझा हातात येणारा पगार 46,000, पत्नीला शिकवण्यांचे 14,000 मिळतात. मुलगी चौथीत आहे. एफडी 7 लाखांची. मुरबाडजवळ 2 गुंठे जागा 6 लाखांना ठरवली, 3 लाख दिले. उरलेले महिना 10,000 प्रमाणे बिनव्याजी. तिथे कंटेनरचं तयार घर ठेवून राहायला जायचा विचार आहे. 40 फुटी 9 लाखांना मिळतंय: 4 लाख एफडीतून आणि 5 लाख पर्सनल लोन, 14 टक्क्यांनी. की 20 फुटी 5 लाखांचं घेऊन कर्ज टाळू? टिटवाळ्यात 26 लाखांचं वन-आरके पाहिलं होतं, पण 20 वर्षांचा हप्ता नको वाटतो. आमची गावाकडे शेती नाही. एजंट म्हणतो, शेतकरी दाखला तो करून देईल. रेल्वे आली की गुंठा 10 लाखांवर जाईल, असंही म्हणतो. कागद सोबत जोडतो आहे.

उत्तर: कागद जोडलेत हे फार बरं केलंत. कंटेनरचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण तुमच्या सातबाऱ्याची झेरॉक्स पाहिली आणि प्रश्न बाजूला ठेवावा लागला. पुढचा 10,000 चा हप्ता भरू नका. हे उत्तर वाचाल त्या दिवसापासून भरू नका.

तुम्ही लिहिलंय "जागा घेतली". तुमच्याकडे आहे तो 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करारनामा. त्याने जमीन तुमची होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं. ते झालं की इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, मिळतो आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढतं. तुमच्या कागदांत यातलं एकही नाही. करारावर सही एजंटची आहे, सातबाऱ्यावर नावं दुसऱ्याच आठ जणांची आहेत आणि त्या आठांनी त्यांच्या वतीने व्यवहार करायला एजंटला दिलेलं कुलमुखत्यारपत्र कुठेच दिसत नाही. म्हणजे जमीन ज्यांची आहे त्यांनी तुम्हाला काहीच विकलेलं नाही.

आता सातबारा. क्षेत्र 32 गुंठे, जिरायत. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत, ठाण्यातही, जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा पाडून विकायला तुकडेबंदी कायदा आड येतो. एजंटने कागदावर रेघा मारून 14 प्लॉट आणि मधे रस्ता दाखवला म्हणून शेताचा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट होत नाही. तो आता म्हणेल की तुकडेबंदी उठली. शासनाने 2025 मध्ये सवलती जाहीर केल्या हे खरं, पण त्या शहरी आणि आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या भागांपुरत्या. तुमच्या कागदांत हे शेत तसल्या भागात असल्याचा एकही पुरावा नाही.

इतर हक्कांच्या रकान्यात बारीक अक्षरांत एक ओळ आहे: "कु. का. कलम 43 च्या बंधनास पात्र". कूळ कायद्याने मिळालेली ही जमीन आहे. परवानगी किंवा नजराण्याची (सरकारला भरायच्या रकमेची) पूर्तता केल्याशिवाय ती विकता येत नाही. ही ओळ एजंटने तुम्हाला वाचून दाखवली होती का?

आणि शेतकरी दाखला. याबद्दल मला सगळ्यात जास्त राग आला. त्याच कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खोट्या दाखल्यावर घेतलीत तर व्यवहार अवैध ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि गुन्हा तुमच्या नावावर राहतो. एजंट तोवर दुसऱ्या शेतात रेघा मारत असेल. अशा माणसाच्या हातात तुम्ही तीन लाख दिलेत.

रेल्वेच्या भरवशावर दर महिन्याला कुणी ना कुणी मला पत्र लिहितं. कल्याण-मुरबाड रेल्वे होवो, माझीही इच्छा आहे. पण भाव वाढतो तो विकता येणाऱ्या जमिनीचा. तुम्हाला हे 2 गुंठे उद्या कुणाला विकायचे झाले, तर कुठला कागद पुढे कराल?

कंटेनरचंही सांगून टाकतो. पाया नाही, चाकांवर आणता येतो, म्हणून परवानगी लागत नाही, असं विकणारे सांगतात. राहायचं घर म्हणून ठेवलात की परवानगी लागते. शेतजमिनीत फार्महाऊसलाही किमान एक एकर हवं. 40 फुटी कंटेनर बाहेरून 320 चौरस फूट. रुंदी 8 फूट. त्यात उष्णतारोधक थर आणि आतली भिंत धरली की सव्वासात फूट उरते. सव्वासहा फुटी पलंग आडवा टाकला की पायथ्याशी फूटभर जागा. मुलगी चौथीत आहे. ती दहावीला जाईल तेव्हा अभ्यासाला कुठे बसेल, ते डोळ्यांपुढे आणा. थर स्वस्तातला असेल तर मे महिन्यात पत्रा तापेल ते वेगळंच. पाणी, वीज, शोषखड्डा, क्रेन यांचे दीड-दोन लाख कोटेशनमध्ये नाहीत. 5 लाखांच्या कर्जाचा हप्ता पाच वर्षं साडेअकरा हजार, म्हणजे 7 लाख परत करायचे. स्वतःच्या एनए प्लॉटवर, सुट्टीत राहायला, कर्जाशिवाय घेतलात तर माझी हरकत नाही.

आता बेरीज करा. जागा 6, कंटेनर 9, व्याज 2, वरखर्च 2. एकूण 19 लाख, आणि हातात नाव नसलेली जमीन आणि दरवर्षी किंमत उतरणारं लोखंड.

टिटवाळ्याचं 26 लाखांचं घर तुम्ही 20 वर्षांच्या भीतीने सोडलंत. 20 लाखांचं गृहकर्ज, सव्वाआठ टक्के, हप्ता 17,000. मेंटेनन्स 2,000. मिळून 19,000, 60,000 च्या घरात तिसऱ्या हिश्श्याच्या आत. भाड्याचे 11,000 आणि प्लॉटचे 10,000 आजही तुम्ही देताच आहात, म्हणजे 21,000. हातचे लागतील 6 लाख, शिवाय मुद्रांक आणि नोंदणीचे पावणेदोन ते दोन लाख. खरेदी पत्नीच्या नावावर केलीत तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. एफडी सगळी मोडू नका, दोन लाख अडीअडचणीला राहू द्या. म्हणजे तीनेक लाख कमी पडतात. प्लॉटचा हप्ता थांबवून महिना 15,000 बाजूला टाकलेत तर वीस महिने. पीएफमधून घरासाठी काढलंत तर त्याआधीच.

तुमचं वार्षिक उत्पन्न 7 लाखांच्या आसपास, नावावर पक्कं घर नाही. पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मध्ये 9 लाखांपर्यंत उत्पन्न, 35 लाखांपर्यंत घर आणि 25 लाखांपर्यंत कर्ज असेल तर व्याजात जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांचं अनुदान आहे, पाच हप्त्यांत. बँकेत अर्ज करतानाच विचारा. म्हाडाच्या कोकण मंडळात तुम्ही अल्प उत्पन्न गटात बसता, 6 ते 9 लाख. सोडतीचा अर्ज भरा, पण नंबर लागेल म्हणून बाकी शोध थांबवू नका. न विकलेली घरं मंडळ प्रथम येणाऱ्यास प्राधान्य देऊन विकतं, तिकडे लक्ष ठेवा.

राहिले ते 3 लाख. करारात आहे की व्यवहार मोडल्यास 30 टक्के कापू. कापू देत. 2 लाख 10 हजार मिळाले तरी घ्या. आणखी 3 लाख घालण्यापेक्षा 90 हजारांचं नुकसान कितीतरी हलकं. त्यातूनच टिटवाळ्याचा खड्डाही बराचसा भरेल. 2 लाख तुम्ही बँकेतून पाठवलेत, ती नोंद जपा. रोख 1 लाखाची पावती मळकट झाली आहे, तिची आजच स्वच्छ छायाप्रत काढा. तुमची सातबाऱ्याची झेरॉक्स तीन वर्षांपूर्वीची आहे. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल सहीची ताजी प्रत मिळते, ती काढा, फेरफारही काढा आणि एजंटशी बोलण्याआधी जमिनीची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. नोटीस त्यांच्याकडूनच जाऊ द्या. टिटवाळ्याच्या घराचे कागद आले की मला पाठवा. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, हे मी सगळ्यात आधी बघेन.